रानातल्या मुक्कामात पिशवीचा फिल्टर: पाणी निवडण्यापासून फिल्टर वाळवण्यापर्यंत

स्टीलच्या दोन मजली भांड्यात वर पाणी ओतायचे आणि पांढऱ्या कँडलमधून ते थेंबाथेंबाने खाली उतरू द्यायचे, हा फिल्टर आरओ येण्यापूर्वी आपल्याकडच्या कितीतरी घरांत होता. भटकंतीसाठी मिळणारा ग्रॅव्हिटी फिल्टर हा त्याचाच प्रवासी भाऊबंद आहे. वर एक पिशवी, खाली दुसरी पिशवी, दोहोंना जोडणारी नळी आणि त्या नळीवर मुठीएवढा फिल्टर, एवढाच त्याचा संसार असतो. वीज लागत नाही, पंप मारावा लागत नाही आणि चार लिटरचा संच घडी केल्यावर पाठीवरच्या बॅगेच्या एका कप्प्यात मावतो. मेळघाटाच्या पायथ्याशी, नवेगावबांधच्या परिसरात किंवा गडचिरोलीकडे पाच-दहा जणांनी मुक्काम करायचा असेल, तर प्रत्येकी दिवसाला चार ते पाच लिटर या हिशेबाने पाणी खांद्यावरून वाहून नेणे शक्य नसते, आणि म्हणून हे साधन उपयोगी पडते.

आधीच एक गोष्ट सांगून ठेवतो. व्याघ्र प्रकल्पाच्या आणि अभयारण्याच्या हद्दीत आपल्या मनाने तंबू ठोकता येत नाही. तेथे वनविभागाची परवानगी आणि ठरवून दिलेली निवासस्थाने हाच मार्ग आहे. पुढील सर्व विवेचन परवानगीच्या जागी, अथवा मालकाला विचारून त्याच्या शेतात किंवा गावाजवळ केलेल्या मुक्कामाला धरून आहे.

फिल्टर काय अडवतो आणि काय सोडतो

फिल्टरच्या नळकांड्यात शेवयांच्या जुडीसारखे पांढरे, बारीक आणि आतून पोकळ तंतू दुमडून बसवलेले असतात. मळके पाणी तंतूंच्या बाहेरून येते, त्यांच्या भिंतीतील छिद्रांमधून आत झिरपते आणि पोकळीतून स्वच्छ होऊन बाहेर पडते. ही छिद्रे साधारणपणे ०.१ ते ०.२ मायक्रॉनची असतात, आणि मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. जुलाबाला कारण होणारा जिआर्डिया सुमारे दहा मायक्रॉनचा, क्रिप्टोस्पोरिडियम चार ते सहा मायक्रॉनचा आणि पटकी किंवा विषमज्वराचे जिवाणू एक ते तीन मायक्रॉन लांबीचे असल्यामुळे ते बाहेरच अडकतात.

विषाणू मात्र या छिद्रांतून आरामात पार होतात. काविळीला कारण होणारे हेपेटायटिस ए आणि ई हे विषाणू जेमतेम ०.०३ मायक्रॉनचे असतात, लहान मुलांना जुलाब करणारा रोटाव्हायरस ०.०७ मायक्रॉनच्या आसपास असतो. परदेशातील निर्मनुष्य डोंगरांत विषाणूंची धास्ती तुलनेने कमी असते, म्हणून तिकडच्या माहितीपत्रकांत 'थेट प्या' असे बिनदिक्कत लिहिलेले आढळते. आपल्याकडे नाल्याच्या वरच्या अंगाला कुठे ना कुठे वस्ती असतेच, त्यामुळे येथे फिल्टरनंतर आणखी एक पायरी लागते. ती पुढे सांगितली आहे. उंदरांच्या आणि गुरांच्या मूत्रातून पसरणाऱ्या लेप्टोस्पायराची गोष्टही अशीच. हा जिवाणू असला तरी स्क्रूसारखा पिळदार आणि जेमतेम ०.१ मायक्रॉन जाडीचा असल्यामुळे ०.२ मायक्रॉनच्या छिद्रातून निसटू शकतो. गुरे बसतात त्या डबक्याचे पाणी म्हणूनच घेऊ नये.

पाण्यात विरघळलेल्या पदार्थांना तर हा फिल्टर हातच लावत नाही. अकोला, अमरावती आणि बुलडाणा जिल्ह्यांतील पूर्णा खोऱ्याच्या खारपाण पट्ट्यात विहिरीचे खारे पाणी फिल्टरमधून काढले, तर खालच्या पिशवीत तितकेच खारे पाणी मिळेल. यवतमाळ आणि चंद्रपूर जिल्ह्यांतील काही गावांच्या बोअरच्या पाण्यात फ्लोराइड जास्त असते. तेही तसेच खाली येते, आणि असे पाणी उकळल्यास वाफ निघून गेल्यामुळे त्याचे प्रमाण किंचित वाढतेच. लोणार सरोवराच्या काठावर एका हौशी मुलाने मला विचारले होते की, 'सर, यातले पाणी फिल्टर करून पिता येईल का?' उत्तर अर्थातच नाही असे होते, कारण त्या पाण्याचा खारटपणा आणि क्षार विरघळलेले आहेत आणि ०.१ मायक्रॉनचे छिद्र त्यांच्यासाठी दिंडी दरवाजा नसून वेशीचा दरवाजा आहे.

पाणी कोठले घ्यावे

नवख्या माणसाचे सगळे लक्ष फिल्टरकडे असते. माझ्या मते निम्मे काम पाणी निवडतानाच होऊन जाते. पहिली पसंती गावातील वापरात असलेल्या विहिरीला किंवा हातपंपाला द्यावी. ज्या पाण्यावर गाव जगते त्याची खोड गावाला माहीत असते, म्हणून 'हे पाणी प्यायचे की वापरायचे?' एवढे विचारले तरी खारे किंवा फ्लोराइडचे पाणी टळते. त्यानंतर वाहता नाला, त्यातही वस्तीच्या आणि शेतांच्या वरच्या अंगाचा. जुलै ते ऑक्टोबर या काळात कपाशी आणि सोयाबीनवर फवारण्या सुरू असतात. धुऱ्याला, म्हणजे शेताच्या बांधाला, लागून वाहणाऱ्या नाल्यात औषध उतरते, आणि फवारणीचा पंप धुतला जातो तोही बहुधा याच नाल्यावर. असले पाणी फिल्टर करूनही पिण्याजोगे होत नाही. वणी-घुग्घुसच्या कोळसा पट्ट्यात खाणीतून उपसलेले पाणी कितीही नितळ दिसले तरी त्याच्या वाटेला जाऊ नये.

पूर्व विदर्भातील जुने मालगुजारी तलाव आणि बोड्या, म्हणजे लहान तळी, देखण्या असतात, पण त्यांच्या काठाशी हिरवट साय धरली असेल तर तेथून पाणी उचलू नये. त्या सायीतील काही शेवाळी जिवाणू विष सोडतात, ते विष या फिल्टरमध्ये अडत नाही आणि उकळूनही नाहीसे होत नाही. काठ सोडून, वाऱ्याच्या विरुद्ध बाजूला, साय नसलेल्या जागी पाणी मिळत असले तरी मी स्वतः ते टाळतो.

उन्हाळ्याच्या तोंडावर नाले आटतात तेव्हा झिरा, म्हणजे नाल्याच्या वाळूत खणलेला पाण्याचा खड्डा, हा उत्तम उपाय आहे. धारणीच्या बाजूला एका कोरड्या नाल्यात एका म्हातारीने मला तो शिकवला. मी वाळूत उरलेल्या डबक्यात पिशवी बुडवणार, तेवढ्यात तिने हातानेच थांबवले. डबक्यापासून तीन-चार हात दूर, वळणाच्या आतल्या बाजूला तिने कोपरभर खोल खड्डा केला, कडेची वाळू पुन्हा ढासळू नये म्हणून भोवती चपटे दगड लावले आणि गढूळ पाणी साचू लागताच गडव्याने उपसून बाहेर टाकले. 'पह्यलं पानी फेका भाऊ, मंग पाहा कसं निवय पानी येते ते,' असे म्हणून तिने तीनदा झिरा उपसला, आणि चौथ्या वेळी तळाची वाळू दिसू लागली. वाळूनेच गाळून दिलेले ते पाणी फिल्टरला इतके हलके गेले की, दोन दिवसांत फिल्टर धुण्याचीही वेळ आली नाही.

पाणी दिवसाउजेडी, चारच्या आत भरून घ्यावे. सांजसकाळी पाणवठा जनावरांचा असतो.

गढूळ पाणी आधी निवळावे

पावसाळ्यात काळ्या मातीवरून येणारे पाणी चहासारखे दिसते आणि त्यातील चिकणमातीचे कण इतके सूक्ष्म असतात की ते तासनतास तरंगत राहतात. असे पाणी थेट फिल्टरला दिल्यास पहिल्याच पिशवीत तंतूंवर मातीचा लेप बसतो. म्हणून बादलीत पाणी घेऊन त्यात तुरटीचा खडा दोन-तीन वेढे फिरवावा आणि अर्धा-पाऊण तास पाणी अजिबात न हलवता ठेवावे. कापसासारखे पुंजके तळाशी बसले की वरचे पाणी हलकेच काढून घ्यावे. तुरटी नसेल तर निवळीचे बी ओल्या दगडावर उगाळून तो गंध पाण्यात मिसळण्याची जुनी रीत आहे. नावाप्रमाणेच ते पाणी निवळते, मात्र वेळ जास्त लागतो.

पिशवीच्या तोंडावर सुती कापडाची चौपदरी घडी बांधूनच पाणी ओतावे. काडीकचरा आणि किडे तेथेच थांबतात. या साध्या कापडाला कमी लेखू नये, कारण पाण्यातून होणारा नारू हा कृमीचा रोग आपल्या देशातून गेला त्यात पाणी दुहेरी कापडातून गाळून पिण्याच्या सवयीचा मोठा वाटा होता. नारूच्या अळ्या सायक्लॉप्स नावाच्या ज्या पाणकिड्याच्या पोटात असत तो डोळ्यांना दिसेल एवढा, म्हणजे मिलिमीटरच्या आसपासचा असतो. देशातील शेवटचा रुग्ण १९९६ मध्ये आढळला आणि २००० मध्ये भारत नारूमुक्त घोषित झाला.

मांडणी

नवा फिल्टर असल्यास पहिले एक-दोन लिटर पाणी त्यातून काढून फेकून द्यावे. त्यानंतर मळकी पिशवी भरावी, तोंड बंद करावे आणि नळीवरची क्लिप लावूनच ती झाडाच्या मजबूत फांदीला टांगावी. चार लिटरची पिशवी म्हणजे चार किलोंचे ओझे, हे फांदी निवडताना लक्षात असावे. मार्च-एप्रिलमध्ये मोहाच्या झाडाची सावली कितीही मोहात पाडो, तेथे सामान मांडू नये, कारण फुले वेचायला अस्वलही येते. चिखलदऱ्याकडे वानरांपासून पिशवी सांभाळावी लागते. त्यांना आत पाणी आहे की पोहे आहेत याच्याशी कर्तव्य नसते.

पाणी किती वेगाने उतरेल, हे वरच्या पाण्याची पातळी आणि खालच्या नळीचे तोंड यांतील उंचीच्या फरकावर ठरते. एक मीटर उंचीने वातावरणाच्या दाबाच्या जेमतेम दहाव्या हिश्शाएवढा दाब मिळतो, म्हणून उंची निम्मी केली की धारही साधारण निम्मी होते. नळी ताठ, वळसे न घालता खाली सोडावी आणि दीड मीटरचा फरक ठेवावा. फिल्टर नवा आणि पाणी नितळ असेल, तर मिनिटाला एक लिटर किंवा त्याहून अधिक पाणी येते.

टांगूनही धार लागत नसेल तर बहुधा फिल्टरमध्ये हवा अडकलेली असते. ओल्या तंतूंच्या छिद्रांत पाणी इतके घट्ट धरलेले असते की, एवढ्याशा दाबाने हवा त्यांतून पार होत नाही आणि तिचा बुडबुडा वाट अडवून बसतो. अशा वेळी थोडे स्वच्छ पाणी आलेली खालची पिशवी, नळी न काढता, वरच्या पिशवीपेक्षा उंच धरून दहा-पंधरा सेकंद थांबावे. पाणी उलटे जाते, हवा मळक्या पिशवीत बुडबुडत निघून जाते आणि पिशवी पुन्हा खाली आणताच धार सुरू होते. संचाला खालची पिशवी नसेल, तर फिल्टरवर बोटाने टिचक्या माराव्यात आणि त्याचे तोंड क्षणभर वर करून हवा बाहेर जाऊ द्यावी.

दोन पिशव्यांची सरमिसळ होऊ न देणे हा या कामातील खरा सोवळे-ओवळ्याचा भाग आहे. मळक्या पिशवीच्या बाहेरून ओघळणारा एक थेंब स्वच्छ नळीच्या तोंडावर आला, तरी झालेली मेहनत वाया जाते. मी मळक्या बाजूच्या प्रत्येक वस्तूला लाल चिंधी बांधतो, पाणी भरणारा आणि प्यायला वाढणारा असे दोन वेगळे माणूस नेमतो आणि स्वच्छ नळीचे तोंड वापरात नसताना टोपणाने झाकलेले ठेवतो. टोपण हरवले तर स्वच्छ प्लॅस्टिक आणि रबर चालते. पाणी भरलेल्या हाताने, साबण न लावता, स्वच्छ टोपण उघडणे ही नवख्यांची सर्वांत नेहमीची चूक आहे.

फिल्टरनंतरची पायरी

वस्तीच्या खालच्या अंगाचे, विहिरीचे किंवा खात्री नसलेले कोणतेही पाणी फिल्टरनंतर एक मिनिट खळखळ उकळावे, अथवा त्यात पिण्याच्या पाण्यासाठी मिळणारी क्लोरीनची गोळी किंवा द्रव क्लोरीन लेबलवरील प्रमाणात घालून अर्धा तास थांबावे. समुद्रसपाटीपासून २,००० मीटरच्या वर तीन मिनिटे उकळण्याचा दंडक आहे, पण आपल्याकडे त्याची गरज नाही. मेळघाटातील वैराटही १,२०० मीटरच्या आतच आहे. क्लोरीन फिल्टरच्या आधी न घालता नंतर घालावे, कारण गढूळ पाण्यात ते मातीवर आणि पाल्यापाचोळ्यावरच खर्च होते. ही दोन्ही साधने एकमेकांची उणीव भरून काढतात: क्लोरीनला दाद न देणारा क्रिप्टोस्पोरिडियम फिल्टर अडवतो, आणि फिल्टरमधून निसटणारे विषाणू क्लोरीन मारते.

धार मंदावली तर

काही वर्षांपूर्वी जानेवारीत आम्ही अकरा जण सातपुड्याच्या पायथ्याशी एका शेतकऱ्याच्या हरभऱ्याच्या धुऱ्यावर उतरलो होतो. पिशवी टांगली आणि थेंब पडू लागले, अक्षरशः थेंब. चार लिटरला दीड तास लागला. कारण शोधायला फार लांब जावे लागले नाही: दिवाळीच्या सुट्टीतील भटकंतीनंतर मीच तो फिल्टर न धुता, ओला आणि मातीने माखलेला, घरी माळ्यावर टाकला होता आणि आतला गाळ सुकून घट्ट बसला होता. त्या रात्री अकरा वाजेपर्यंत आम्ही चुलीवर पाणी उकळत बसलो, आणि स्वयंपाकासाठी आणलेले निम्मे सरपण त्यातच गेले.

असे होऊ नये म्हणून बॅकवॉश, म्हणजे उलटी धुलाई, नियमाने करावी. स्वच्छ बाजूने, केवळ फिल्टर झालेले किंवा उकळून कोमट केलेले पाणी फिल्टरमध्ये उलटे ढकलावे. पिशवी उंच धरून किंवा संचासोबत मिळणाऱ्या पिचकारीने हे करता येते, पण पिचकारी मळक्या पाण्याला कधीही लागता कामा नये. निघणाऱ्या पाण्याचा रंग पाहावा. आधी चहासारखे, मग ताकासारखे आणि शेवटी नितळ पाणी येईपर्यंत धुवत राहावे. नितळ पाण्यावर दिवसातून एकदा आणि गढूळ पाण्यावर दर दोन पिशव्यांनंतर धुतले तर फिल्टर तुंबत नाही. कँडल जशी ब्रशने किंवा काथ्याने घासतो तसे या तंतूंना चुकूनही घासू नये, कारण एक तंतू तुटला की सगळे मळके पाणी त्याच वाटेने जाते.

आमचा फिल्टर त्या रात्री कोमट पाण्याच्या उलट्या धुलाईने थोडा सुटला आणि चार लिटरची वेळ वीस मिनिटांवर आली. पूर्ण मोकळा झाला तो घरी आल्यावर. आपल्याकडचे बोअरचे पाणी जड असते, त्यामुळे मातीबरोबर क्षारांचे पांढरे कीटणही छिद्रांत बसते. त्यासाठी पांढरे व्हिनेगर समभाग पाण्यात मिसळून फिल्टर त्यात अर्धा ते एक तास बुडवावा आणि मग भरपूर स्वच्छ पाण्याने उलटा धुवावा. शेवटची धुलाई गावोगाव कॅनमध्ये मिळणाऱ्या आरओच्या पाण्याने केली, तर नव्याने क्षार बसत नाहीत.

फिल्टर फुटला आहे का, हे कसे ओळखावे

हवा अडकवणारा जो गुण मघाशी त्रासदायक वाटला, तोच येथे उपयोगी पडतो. फिल्टर पाण्याने पूर्ण भिजवावा, स्वच्छ बाजूच्या नळीतून तोंडाने जोरात फुंकावे आणि दुसरे तोंड पाण्यात बुडवून पाहावे. तंतू शाबूत असतील तर हवा पलीकडे जात नाही. सुरुवातीला नळीतले थोडे पाणी सरकते आणि मग फुंकर अडते. सलग बुडबुडे येत राहिले तर तंतू तुटलेला आहे आणि तो फिल्टर पिण्यासाठी बाद समजावा. फुंकलेले तोंड नंतर क्लोरीनच्या पाण्याने धुवावे. फिल्टर दगडावर पडला किंवा कोणी उत्साहाने फ्रिजरमध्ये ठेवला तर ही चाचणी करावीच, कारण आत उरलेले पाणी गोठून फुगते आणि तंतू फाडते. विदर्भात गोठण्याची भीती नसते, परंतु येथील मुले हिमालयात जातात तेव्हा त्यांनी रात्री फिल्टर प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून झोपायच्या पिशवीत घेऊन झोपावे.

घरी परतल्यावर

परतल्यावर त्याच दिवशी उलटी धुलाई करावी. नंतर एक लिटर स्वच्छ पाण्यात घरगुती, बिनसुगंधी ब्लीचचे दोन थेंब टाकून ते पाणी पिशव्या, नळी आणि फिल्टर यांतून एकदा जाऊ द्यावे. ग्रामपंचायतीत विहिरीसाठी असलेली टीसीएल (ब्लीचिंग) पावडर या कामाला वापरू नये. तिच्यातील चुना विरघळत नाही आणि तंतूंवर बसतो. फिल्टर झटकून पाणी काढावे, तोंडे खाली करून सावलीत, हवेशीर जागी चार-पाच दिवस वाळवावा. पिशव्या आत काडी घालून उघड्या ठेवाव्यात, नाहीतर पावसाळी हवेत आतून काळी बुरशी धरते. आपल्या मे महिन्यातील उन्हात, पत्र्याखाली किंवा बंद गाडीत हे सामान ठेवल्यास नळी कडक होते आणि पिशवीचे जोड सुटतात.

वाळलेला फिल्टर पुढच्या वेळी लगेच धार देत नाही. निघण्याच्या आदल्या दिवशी तो अर्धा तास कोमट पाण्यात भिजवावा, पाणी हाताला सोसेल एवढेच गरम असावे, आणि घरातच एक पिशवी पूर्ण उतरवून घड्याळ लावून पाहावे. मी फिल्टरच्या अंगावर मार्करने शेवटच्या धुलाईची तारीख आणि चार लिटरला लागलेली मिनिटे लिहून ठेवतो. व्हिनेगर आणि धुलाईनंतरही हा आकडा सुरुवातीच्या तिप्पट झाला, किंवा कंपनीने दिलेली लिटरची मर्यादा, जी काही संचांत १,५०० लिटर असते, संपत आली, तर नवे कार्ट्रिज आणावे. पिशव्या आणि नळ्या जुन्याच चालतात.